अडीच घटकांचा तास



सज्जनहो, कीर्तन आटोपले, टाळ पिशवीत गेले, बुक्का लावून झाला, की पांगणाऱ्या मंडळींतून कोणी ना कोणी एखादी शंका घेऊन जवळ येतेच. कीर्तन चालू असताना जे प्रश्न सुचत नाहीत ते जोडे शोधताना सुचतात, असा आमचा चाळीस वर्षांचा अनुभव आहे. गेल्या महिन्यात महालातील एका देवळात असेच झाले. आमच्या मागे पखवाजावर बसतो तो मुलगा, वय पंधरा-सोळा, पखवाजावर गवसणी चढवता चढवता म्हणाला, "महाराज, होरा म्हणजे काय जी?"

आम्ही उपरणे झटकत म्हटले, "होरा म्हणजे तास."

"तासच? म्हणजे साठ मिनिटं?"

"हो. साठ मिनिटे. अडीच घटका."

"बस, एवढंच?" असे म्हणून तो गप्प राहिला आणि पखवाज खांद्याला लावून निघून गेला. त्या 'एवढंच'ने आम्हाला रात्रभर झोप दिली नाही. का दिली नाही ते पुढे सांगू. आधी त्या मुलाला जे उत्तर नीट द्यायचे राहिले ते येथे देतो. मासिकाचे वाचक ते ऐकून घेतील अशी खात्री आहे, कारण वारकऱ्याला हिशेबाचा कंटाळा नसतो. मुक्कामामागून मुक्काम मोजत पंढरीला जाणारी आपली जात.

प्रथम घटका, कारण ती घरची. आमचे अध्ययन झाले त्या पाठशाळेत गुरुजींच्या देवघराशेजारी एक तांब्याचे वाटीसारखे भांडे होते. बुडाशी बारीक भोक. आम्हा विद्यार्थ्यांना वाटे, फुटके भांडे गुरुजी इतके जपून का ठेवतात! एका दिवशी त्यांनी घंगाळात गाळलेले पाणी भरले, ते भांडे त्यावर अलगद तरंगत सोडले आणि म्हणाले, "बसा. हे बुडेपर्यंत उठायचे नाही." भोकातून पाण्याची बारीक धार आत येत होती. प्रथम काही कळतच नाही. भांडे आहे तसेच तरंगते. मग हळूहळू काठ पाण्याजवळ येतो, आणि शेवटी एका क्षणात 'बुळुक' करून भांडे तळाला जाते. तेवढा वेळ म्हणजे एक घटका. आजच्या मापाने चोवीस मिनिटे. असे भांडे सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत साठ वेळा बुडते. सूर्यसिद्धान्तात या यंत्राचे वर्णन आहे, आणि इतर जुन्या ग्रंथांत तर त्याच्या भोकाचेही माप दिले आहे: सुमारे सव्वातीन मासे सोन्याची चार अंगुळे लांब तार ओढावी, ती जितकी जाड तितकेच भोक. सोन्याच्या तारेने भोकाचे माप घेणारे आपले पूर्वज किती काटेकोर होते ते पाहा. पाणी स्वच्छच हवे. गढूळ पाण्याने भोक बुजते आणि घटका लांबते.

या भांड्याचे नाव घटिका, म्हणजे लहान घट, घागरीची धाकटी बहीण. भांड्याचे नाव काळाला मिळाले. लग्नघरी याच भांड्याला हळदकुंकू वाहून जोशीबुवा त्याच्यावर डोळा ठेवून बसत आणि घटका भरली की अंतरपाट दूर होई. भांडे गेले, पण बोलणे राहिले आहे. "त्याची घटका भरली", "घटकाभर टेका", "शेवटची घटका", "घटकेत असे, घटकेत तसे" हे आपण रोज बोलतो आणि प्रत्येक वेळी नकळत ते तांब्याचे भांडे पाण्यावर सोडतो. मनगटावरच्या यंत्राला घड्याळ म्हणतो त्यातही तीच घडी, म्हणजे घटीच, बसली आहे.

मग तास कोठून आला? येथे थोडी गंमत आहे. शेतकरी वाचकांना तास म्हटले की नांगराची रेघ आठवेल. तो शब्द निराळा. वेळेचा तास फारशीतून आला. तिकडे तास म्हणजे पेला, वाटी, धातूचे भांडे. आपल्याकडे तो वाजवायच्या धातूच्या थाळीला लागला. घटका बुडाल्याचे राखण बसलेल्या माणसालाच कळते, गावाला कळत नाही. गावाला कळावे म्हणून तो थाळीवर टोला देतो. ती थाळी तास. पुढे टोल्यांमधल्या वेळेलाच लोक तास म्हणू लागले. म्हणून जुन्या बोलण्यात तास 'वाजतो'. आमच्या नागपुरात निम्मे लोक हिंदी बोलतात, ते म्हणतात 'एक घंटा'. तेही तेच झाले, घंटेचे नाव वेळेला. आणि प्रहर? त्याच्या पोटातही प्रहार, म्हणजे टोलाच आहे. दिवसाचे चार, रात्रीचे चार, प्रत्येक प्रहर साडेसात घटकांचा. बाबर बादशहाने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातल्या या टोल्यांचे वर्णन करून ठेवले आहे. तो म्हणतो की रात्री जाग आलेल्या माणसाला घटकांचे टोले ऐकू येत, पण हा कितवा प्रहर ते कळत नसे. म्हणून त्याने घटकांच्या टोल्यांनंतर प्रहराची खूणही वाजवायचा हुकूम दिला. बादशहालाही मध्यरात्री जाग येऊन किती वाजले असतील असे वाटत होते, एवढे त्यातून आम्हाला दिसते.

तात्पर्य, तास शब्द फारशी, घटका आपली, आणि एका तासात घटका अडीच. हा 'अडीच' कसा विचित्र आहे! साठ घटकांचे चोवीस भाग कोणी आपण होऊन करील का? साठाचे दोन-दोनचे तीस मुहूर्त केले, साडेसाताचे आठ प्रहर केले, हे समजते. वेदांगज्योतिषात दिवसरात्रीचे तीस मुहूर्तच आहेत. चोवीस हा पाहुणा आहे. तो पाहुणा होरा.

होरा हा शब्द आम्ही पाठशाळेत शिकलो तेव्हा गुरुजींनी व्युत्पत्ती सांगितली ती वराहमिहिराने बृहज्जातकात दिलेली: 'अहोरात्र' शब्दाचे पहिले अक्षर टाका, शेवटचे टाका, उरते ती होरा. आम्ही माना डोलावल्या. पण वराहमिहिर प्रामाणिक पुरुष. तो म्हणतो, असे कित्येक मानतात. स्वतः मानतो असे म्हणत नाही. मुळात हा यवनांचा, म्हणजे ग्रीक लोकांचा शब्द. त्यांच्या भाषेतही होरा म्हणजे ऋतू, वेळ, तास. इंग्रजांचा 'अवर' हाही त्याच मुळाचा. म्हणजे कचेरीतला 'अवर' आणि पंचांगातली होरा या सख्ख्या बहिणी. एक विलायतेत वाढली, एक आपल्या घरी सोवळे नेसून बसली. कोणा वाचकाला हे ऐकून वाईट वाटेल, तर त्याने बृहत्संहिता पाहावी. तेथे स्पष्ट म्हटले आहे की यवन म्लेच्छ खरे, पण हे शास्त्र त्यांच्यापाशी उत्तम आहे आणि त्यासाठी त्यांना ऋषींसारखा मान मिळतो. ज्ञान कोणाच्याही हातचे घ्यावे, ही आपली जुनी रीत आहे. चोखोबांना मिठी मारणाऱ्या संप्रदायाला ती वेगळी सांगायला नको.

ग्रीकांनीही ते चोवीस भाग स्वतः काढले नाहीत. मिसर देशच्या लोकांनी रात्रीचे तारे पाहून रात्रीचे बारा भाग केले, दिवसाचे बारा केले. तेथील कर्णाक गावच्या देवळात सुमारे ३४०० वर्षांपूर्वीचे पाण्याचे घड्याळ सापडले आहे. त्यातून पाणी बाहेर ठिबकते, आपल्या भांड्यासारखे आत येत नाही. त्यांचे तास उन्हाळ्यात लांब, हिवाळ्यात आखूड. बाबिलोनच्या लोकांनी साठाची गणना दिली. ग्रीकांच्या हाती दोन्ही आले, आणि तेथून आपल्याकडे.

आता खरी मौज ऐका. ही होरा केवळ ज्योतिष्याच्या पोथीत राहिली नाही, ती आमच्या नागपूरच्या गल्लीबोळांत राहायला आली आहे. इतवारी, शुक्रवारी, बुधवारी, शनिवारी, मंगळवारी! ज्या त्या वारी जेथे बाजार भरे त्या वस्तीला त्या वाराचे नाव पडले. पण रविवारनंतर सोमवारच का येतो, हे इतवारीतल्या एका तरी किराणा दुकानदाराने कधी विचारले आहे का? आकाशात सूर्याशेजारी चंद्र नाही. चंद्राशेजारी मंगळ नाही. मग हा क्रम कोणी लावला?

होरेने लावला. सर्वांत मंद चालणाऱ्या ग्रहापासून सर्वांत शीघ्र चालणाऱ्यापर्यंत क्रम धरा, जुन्यांच्या गणनेप्रमाणे: शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. दिवसाच्या चोवीस होरा या सातांना ओळीने वाटून द्या. शनिवारी पहिली होरा शनीची, दुसरी गुरूची, असे करत सातवी चंद्राची. आठवी पुन्हा शनीची, पंधरावी शनीची, बाविसावी शनीची. तेविसावी गुरूची, चोविसावी मंगळाची. दिवस संपला. दुसऱ्या सूर्योदयाला पंचविसावी होरा येते ती रवीची. म्हणून तो रविवार. बोटावर मोजून पाहा, रवीपासून मोजले तर पंचविसावी चंद्राची येते, चंद्रापासून मंगळाची. आर्यभटाने इ. स. ४९९ मधल्या आपल्या ग्रंथात हाच नियम एका अर्ध्या श्लोकात सांगून टाकला आहे: शीघ्रतेच्या क्रमाने चौथा तो पुढच्या दिवसाचा स्वामी.

आणि हा क्रम घटकांवरून लावला असता तर? एकदा एकादशीच्या उपासात आम्ही हा हिशेब केला, पोट रिकामे असले की गणित बरे चालते. साठ घटका सात ग्रहांना वाटल्या तर एकसष्टावी घटका शनीपासून पाचव्याची, शुक्राची येते. म्हणजे शनिवारनंतर शुक्रवार, मग गुरुवार, मग बुधवार! वार उलटे चालले असते. आपले वार सुलटे चालतात याचाच अर्थ ते घटकेवर बसलेले नाहीत, होरेवर बसलेले आहेत. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली छापलेल्या 'भारतीय ज्योतिःशास्त्र' या मराठी ग्रंथात वारांच्या उगमाचा विचार केला आहे. ज्यांना खोलात जायचे त्यांनी तो ग्रंथ मिळवावा. मराठीत एवढे काम झालेले आहे आणि आपण ते उघडून पाहत नाही, ही खंत.

एक गोष्ट मात्र वारकऱ्यांनी गाठीस बांधावी अशी. आपल्या देशात वाराचा उल्लेख असलेला जुन्यात जुना शिलालेख म्हणून जो सांगतात तो मध्य प्रदेशात सागर जिल्ह्यात एरण येथे एका स्तंभावर आहे. बुधगुप्त राजाच्या काळचा, इ. स. ४८४ चा. त्यावर तिथी कोणती आहे? आषाढ शुद्ध द्वादशी, आणि वार गुरुवार. आषाढी एकादशीचे पारणे सोडायचा दिवस! तो स्तंभ विष्णूचा ध्वज म्हणून उभारला आहे. हे आम्ही प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून हात जोडले. शहाणे म्हणतील योगायोग. असेल.

आणि वार शब्दाचा अर्थ तरी काय? पाळी. ज्याची पाळी तो वार. पुनःपुन्हा पाळी येते ती वारी, आणि ती न चुकवणारा वारकरी. इतवारी-शुक्रवारीतली वारी आणि पंढरीची वारी या शब्दांत मूळ एकच आहे, एवढे कळल्यापासून आम्हाला इतवारीतून भाजी घेऊन येतानाही बरे वाटते. असो.

आता घड्याळाच्या तासाविषयी थोडे, कारण लोक समजतात की पंचांग कल्पित आणि घड्याळ खरे. घड्याळात बारा वाजले म्हणजे सूर्य डोक्यावर आला असे नागपुरात कोणी समजू नये. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशाच्या रेषेवर धरली आहे. नागपूर त्या रेषेच्या पश्चिमेस, म्हणून आमचा सूर्य घड्याळाच्या सरासरी पावणेचौदा मिनिटे मागे. पंढरपुराचा त्याहून पंधरा मिनिटे मागे. आमच्या नागपुरात सूर्य उगवतो तेव्हा चंद्रभागेच्या वाळवंटात अजून अंधुकच असते. काकडआरतीला नागपूरकर आणि पंढरपूरकर एकाच मिनिटाला उभे राहिले तरी आकाश एक नसते. शून्य मैलाचा दगड आमच्या गावात आहे, त्यावरून अंतरे सांगतात. वेळेचा दगड मात्र दुसऱ्याच्या गावी. ही प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासूनची. महायुद्धात १९४२ ते १९४५ सरकारने सर्व घड्याळे एक तास पुढे केली होती. आमचे वडील सांगत, त्या 'नव्या टायमाने' मिलचा भोंगा वाजे, माणसे निघत, पण गाय पान्हा जुन्याच वेळेला सोडी.

एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली आणि गिरणी आता बंद पडली. तिच्या भोंग्यावर ज्यांनी चूल पेटवली, पोरांना शाळेत धाडले, ती म्हातारी माणसे अजून आमच्या कीर्तनाला येतात आणि 'दुसरी पाळी सुटायच्या वेळेला' असे बोलतात. भांडे, थाळी, भोंगा, आणि आता खिशातला फोन. निमंत्रण द्यायला येणारी मंडळी हल्ली प्रथम वेळ सांगतात आणि मग अभंग विचारतात: "महाराज, दोन तास. मग महाप्रसाद." दोन तास म्हणजे पाच घटका. पाच घटकांत निरूपण होते. पण समोरचा माणूस फोनमध्ये पाहू लागला की आमचा पूर्वरंगही लांबल्यासारखा आम्हालाच वाटू लागतो.

याहून बारीक माप आमच्या परंपरेत आहे, आणि ते आम्हाला सर्वांत आवडते. घटकेची साठ पळे. पळाचे सहा प्राण. एक प्राण म्हणजे निरोगी माणसाचा एक श्वासोच्छ्वास, सुमारे चार सेकंद. दहा दीर्घ अक्षरे सावकाश म्हणायला लागतो तेवढा वेळ. साठ साठे छत्तीसशे, त्याला सहाने गुणले की दिवसरात्रीचे २१,६०० श्वास. योगी लोक यालाच अजपाजप म्हणतात. तासाचे श्वास किती? नऊशे. म्हणजे यंत्र मोजो वा न मोजो, आपले भांडे आत भरतच असते.

हे श्वासाचे माप आम्ही पोथीत शिकलो, पण डोळ्यांनी पाहिले ते एका माणसात. आमच्या मागे तीस वर्षे पखवाज वाजवणारे एक गृहस्थ होते. उमरेडचे. आम्ही त्यांना दादा म्हणत असू. वयाने आमच्याहून मोठे. अक्षरओळख बेताची, घड्याळ कधी बांधले नाही. पण कीर्तन दोन तासांचे ठरले असेल तर दोन तास होत आले की त्यांची थाप किंचित जड होई आणि आम्हाला कळे, आवरते घ्यायचे. एकदा आम्ही विचारले, "दादा, कसे कळते तुम्हाला?" ते म्हणाले, "टाळकऱ्यायचा दम आयकतो जी. त्यायचा दम सांगते." आम्ही इतकी वर्षे आर्यभट घोकला आणि हे उत्तर त्यात आम्हाला सापडले नव्हते.

दोन वर्षांपूर्वी फाल्गुनात, बुधवारी सकाळी, आठ वाजून वीस मिनिटांनी दादांच्या घरून फोन आला. दादांचे काही खरे दिसत नाही, तुमचे नाव काढतात, निघा. शेजारच्या मुलाची गाडी दारात उभी होती. नागपूरपासून उमरेड तासाभराची वाट. आम्ही धोतर बदलले, उपरणे घेतले, आणि सज्जनहो, सवयीने पंचांगाकडे हात गेला.

बुधवारचा सूर्योदय सव्वासहाचा. पहिली होरा बुधाची, दुसरी चंद्राची, तिसरी शनीची. सव्वाआठला शनीची होरा लागलेली. सव्वानऊला गुरूची लागणार. गुरूची होरा शुभ, प्रयाणास उत्तम. आम्ही घरच्यांना म्हटले, "शनीच्या होरेत आजाऱ्याकडे निघू नये. तासाभराने निघू. तिकडे कळवा, गुरूची होरा लागली की निघतोच." मुलाने फोन करून तसे कळवले. आम्ही देवापुढे बसून जप करत राहिलो. जप चांगला झाला, हे कबूल केले पाहिजे.

सव्वानऊला निघालो, दहा वाजून वीस मिनिटांनी पोचलो. अंगणात माणसे उभी होती ती पाहूनच कळले. दादा दहा वाजायला दहा मिनिटे असताना गेले.

आत वहिनी बसल्या होत्या. रडून झाले होते. त्यांनी आमच्याकडे पाहिले आणि अगदी साध्या आवाजात, दोष न देता विचारले, "काहून थांबले होते जी, महाराज? त्यायनं दोनदा इचारलं, महाराज कुठंसा आले म्हणून. मी सांगतलं, गुरूची होरा लागली की निघतेत. तं म्हणे, बरं."

त्या 'बरं'वर आमच्याजवळ काही बोलायला नव्हते. आठ पंचवीसला निघालो असतो तर साडेनऊला तेथे असतो. दादांजवळ वीस मिनिटे बसायला मिळाली असती. वीस मिनिटे म्हणजे तीनशे श्वास, त्या माणसाचे शेवटचे.

आपल्या संप्रदायाची मूळ कथा काय आहे? पुंडलिक आईबापांचे पाय चेपत होता. दारात देव आला. पुंडलिकाने वीट फेकली, म्हणाला, थांब. देव थांबला, अजून थांबला आहे. माणसाच्या सेवेसाठी त्याने देवाला थांबवले. आम्ही ही कथा किती वेळा सांगितली असेल याचा हिशेब नाही. आणि प्रत्यक्षात आम्ही काय केले, तर एका ग्रहासाठी माणसाला थांबवले. तोही ग्रह आकाशात आपल्या जागी, त्याला आमच्या निघण्या-न-निघण्याचे काय! ज्या शब्दाचे मूळ ग्रीक आहे हे आम्ही चार लोकांत मोठ्या चवीने सांगत होतो, त्याच शब्दापुढे आमचे पाय दारातच अडले. आपल्या सर्व संतांनी एका स्वराने सांगितले आहे की नामाला काळवेळ लागत नाही. आमचा घोटाळा असा झाला की ते आम्ही नामापुरतेच समजलो. मरणाऱ्याच्या हाकेलाही काळवेळ लागत नाही, हे त्यातच सांगितलेले होते.

कोणी असे समजू नये की आम्ही पंचांग माळ्यावर टाकले. लग्नाचा मुहूर्त विचारायला लोक येतात, आम्ही काढून देतो. दहा घरची माणसे एका वेळेला जमायची तर वेळ ठरवावीच लागते, आणि मुहूर्त हा जमण्याचा चांगला निरोप आहे. एकादशी केव्हा, पारणे केव्हा, हेही पंचांगातच पाहायचे. पण दवाखान्यातून, आजाऱ्याच्या उशापासून कोणाचा फोन आला तर आम्ही आता भिंतीकडे पाहत नाही. परवा एक गृहस्थ वडिलांना शस्त्रक्रियेसाठी न्यायचे म्हणून होरा विचारायला आले. आम्ही विचारले, डॉक्टरांनी किती वाजता बोलावले आहे? म्हणाले, आठ. आम्ही म्हटले, मग साडेसातला निघा, रस्त्यात गर्दी असते. ते थोडे नाराज होऊन गेले. त्यांना आमच्याकडून अधिक शास्त्राची अपेक्षा होती.

तो पखवाजावरचा मुलगा दादांचा नातू. दादा गेले तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा असेल, उशाशी तोच बसला होता. गुरूची होरा लागली की निघतात, हा निरोप फोनवर त्यानेच घेतला आणि त्यानेच आजोबांच्या कानात सांगितला. तो शब्द दोन वर्षे त्याच्याजवळ राहिला आणि गेल्या महिन्यात, गवसणी चढवताना, त्याने आम्हाला विचारला. आम्ही सांगितले, साठ मिनिटे.

हे सर्व लिहून झाल्यावर आम्ही त्याला बोलावून घेतले आणि छापायच्या आधी वाचून दाखवले. वारांच्या हिशेबाशी त्याने थांबवले, बोटांवर मोजून पाहिले, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा जमले तेव्हा हसला. पुढचे त्याने मान खाली घालून ऐकले. शेवटी म्हणाला, "आजोबा रागावले नव्हते जी, महाराज. त्यायचा हात चालू होता. खाटेच्या पाटीवर बोटं वाजवत होते."

"कोणता ठेका?"

त्याने कणीक मळली होती ती पखवाजाच्या धुम्याला लावली, थाप देऊन पाहिली, पुन्हा थोडी काढली. मग वाजवून दाखवला. आमच्या कीर्तनाच्या आरंभी जयजयकाराला दादा जो धरत तोच होता. आम्ही टाळ घेतले.